समुद्राचा कचरा आणि आपण मावळकर



संयोजकांनी मला 'समुद्रातील कचरा आणि लोकसहभाग' असा विषय दिला तेव्हा मला प्रथम हसू आले. लोणावळा समुद्रापासून सहाशे मीटरांहून उंच. आपल्यापैकी कित्येकांनी समुद्र पाहिला तो ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर, आणि तोही रांगेत उभे राहून. मग हा विषय आपल्याला कशाला? पण घरी गेल्यावर विचार करू लागलो, आणि मला माझेच एक जुने पाप आठवले. आज त्यापासूनच सुरुवात करतो.

मी वक्ता नाही. तीस वर्षे रेल्वेत गँगमन म्हणून काढली, त्यातली बरीचशी बोरघाटात. खंडाळा, मंकी हिल, ठाकूरवाडी, पळसदरी हा टप्पा मला पायाखालचा आहे. घाटात पाऊस कोसळू लागला की आमचे लक्ष मोऱ्यांकडे. रुळाखालची मोरी तुंबली की पाणी खडी घेऊन जाते. मोरी कशाने तुंबायची? आधी पालापाचोळ्याने. पुढे पुढे पिशव्यांनी, बाटल्यांनी, चहाच्या कपांनी आणि चिक्कीच्या कागदांनी. प्रवासी खिडकीतून टाकत आणि पाऊस ते सारे मोरीच्या तोंडाशी आणून ठेवी. आम्ही काठीने, फावड्याने तो ढीग बाहेर ओढायचो. आणि टाकायचो कोठे? दरीच्या अंगाला. कोणी सांगितले म्हणून नव्हे. ते सोपे होते म्हणून. मोरी मोकळी झाली, गाडी सुखरूप गेली, आपले काम झाले. ती दरी पुढे कोठे जाते हे मी तीस वर्षांत एकदाही विचारले नाही.

ती कोठे जाते ते आता सांगतो. खंडाळ्याच्या आणि राजमाचीच्या अंगाने जे पाणी उतरते ते उल्हास नदीला मिळते. उल्हास कर्जत, बदलापूर, कल्याण करीत वसईच्या खाडीने समुद्राला जाते. दुसरी वाट माणसाने केलेली आहे. टाटांचे खोपोलीचे वीजघर १९१५ साली सुरू झाले. त्यासाठी लोणावळा, वळवण आणि शिरोता ही तळी बांधली. मुळात पूर्वेकडे जाणारे हे पाणी नळांतून घाटाखाली सोडले जाते, चाके फिरवते आणि पाताळगंगेत जाते. पाताळगंगा धरमतरच्या खाडीला मिळते. बाटली-पिशवीला जाळी अडवील. पण प्लास्टिकचे तुकडे होता होता जे डोळ्यांना न दिसणारे कण होतात, त्यांना कोणती जाळी अडवणार?

तिसरी वाट इंद्रायणीची. कुरवंड्याजवळ उगम पावून ती मावळातून देहू, आळंदी गाठते, तुळापूरला भीमेत मिसळते, उजनीच्या धरणातून पंढरपूरला जाते आणि शेवटी कृष्णेबरोबर बंगालच्या उपसागराला मिळते. म्हणजे बघा, आपल्या दारातले पाणी दोन समुद्रांना जाते. देशात अशी जागा सर्वांच्या वाट्याला येत नाही. आपण त्याचा उपयोग काय केला, तर दोन्ही समुद्रांना कचरा पुरवला.

माझी मुलगी उरणला दिली आहे. तीन-चार वर्षांपूर्वी तिच्याकडे गेलो असता जावईबापूंनी मला करंजा बंदरावर नेले. धरमतरची खाडी तेथेच समुद्राला मिळते. एक होडी नुकतीच लागली होती आणि दोघे-तिघे कोळी जाळे साफ करीत बसले होते. मासळीपेक्षा कचऱ्याचा ढीग मोठा. त्यात एक चिक्कीचा कागद होता आणि त्यावर 'लोणावळा' ही अक्षरे अजून वाचता येत होती. आता तो कागद घाटातूनच वाहत आला असे मी छातीठोकपणे सांगत नाही. उरणच्याच एखाद्या माणसाने चिक्की खाऊन कागद फेकला असेल. पण मला त्या कोळीदादाला 'मी लोणावळ्याचा' हे सांगण्याचा धीर झाला नाही. त्याने विचारले, "पाव्हणे कुठले?" मी म्हणालो, "पुण्याकडचे." तो बोलला ते असे: "डिझेल मासळीसाठी जाळायचं आन् वर आणायची घाण. अर्धा दिस जालं साफ करण्यात जातो, त्याची मजुरी कोण देतो?"

याचे उत्तर केरळात थोडेफार शोधले गेले. कोल्लम जिल्ह्यातील नीण्डकरा बंदरावर २०१७ पासून मच्छीमारांनी जाळ्यात आलेला प्लास्टिक कचरा पुन्हा समुद्रात न फेकता बंदरावर आणायचा असे ठरले. तो धुऊन, बारीक करून डांबरात मिसळून रस्त्याला वापरला गेला. पण या विषयावर ज्याची गोष्ट सर्वांना माहीत असावी असा माणूस आपल्या मुंबईतच आहे.

वर्सोव्याचा किनारा आपल्यापैकी मुंबईला नोकरी केलेल्यांना आठवत असेल. वाळू दिसत नव्हती. २०१५ च्या ऑक्टोबरात तेथे राहायला आलेले वकील अफरोज शाह आणि त्यांच्या शेजारचे ८४ वर्षांचे एक गृहस्थ, असे दोघेच हातमोजे घालून किनाऱ्यावर उतरले. सभा नाही, फलक नाही, उद्घाटन नाही. मग शाह यांनी आसपासच्या घरोघरी जाऊन माणसे विचारली. दर शनिवार-रविवार काम. कोळीवाड्यातली माणसे आली, झोपडपट्टीतली आली, शाळेची मुले आली, उंच इमारतींतले साहेब लोक आले. पहिल्या दोन वर्षांत सुमारे ५० लाख किलो कचरा निघाला. २०१६ साली संयुक्त राष्ट्रांनी शाह यांना 'चॅम्पियन ऑफ द अर्थ' हा सन्मान दिला.

हे सारे गोडच झाले असे मात्र समजू नका. २०१७ च्या नोव्हेंबरात त्यांनी काम थांबवल्याचे जाहीर केले. गोळा करून ठेवलेले ढीग उचलले जात नव्हते आणि कार्यकर्त्यांना दमदाटी झाली होती. आश्वासने मिळाल्यावर काम पुन्हा सुरू झाले. २०१८ च्या मार्चमध्ये त्याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची सुमारे ८० पिल्ले निघून समुद्रात गेली. वीसेक वर्षांत तेथे असे घडले नव्हते. आणि मग शाह यांच्या ध्यानात आले ते आपल्या कामाचे आहे. किनारा कितीही साफ करा, भरतीबरोबर कचरा पुन्हा येतो. कारण तो किनाऱ्यावर तयार होत नाही, नाल्या-नद्यांतून येतो. म्हणून ते मिठी नदीकडे वळले. पाण्याच्या उलट दिशेने चालत गेले तर माणूस शेवटी कोठे पोचतो? घाटमाथ्यावर. आपल्याकडे.

तेव्हा आम्ही काही जणांनी ठरवले, आपणही आपल्या वस्तीजवळचा ओढा साफ करायचा. तो पुढे इंद्रायणीला मिळतो. पावसाळ्यात पर्यटक त्याच्या काठाने कणसे, भजी, नूडल्स खातात, आणि खरे सांगायचे तर वस्तीचा कचराही तेथेच पडतो. विहारात बैठक बोलावली. मी वर्सोव्याची हकीकत सांगितली, आता सांगितली त्याहून चांगली सांगितली. बोलून झाल्यावर आमच्या वस्तीतल्या एक आत्या, वय ऐंशीच्या पुढे, भिंतीला टेकून बसल्या होत्या, त्या म्हणाल्या:

"आरं लेका, त्यो झाडू हातातनं सुटाया आमच्या दोन पिढ्या खपल्या. बाबासायबांनी सांगितलं, टाका ती कामं, तवा आम्ही टाकली. उपाशी ऱ्हायलो पन टाकली. आन् तू आज इहारात बसून पुन्यांदा झाडू हातात दितोस? घान कुनी केली? बंगलेवाल्यानी. मग आमीच का?"

बंधु-भगिनींनो, सभा गार झाली. मलाही उत्तर सुचले नाही. आजही मी असे म्हणणार नाही की आत्या चुकल्या. वर्सोव्यात एक वकील झाडू घेतो तेव्हा त्याचा फोटो येतो. आपला माणूस झाडू घेतो तेव्हा लोकांना त्यात नवे काही दिसत नाही. उलट त्यांना वाटते, बरे झाले, जागेवर आले. स्वच्छतेच्या मोहिमा सांगणारे विद्वान हा फरक सांगत नाहीत. लादलेले काम आणि आपण होऊन केलेले काम यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे हे खरे; पण बघणाऱ्याला ते अंतर दिसलेही पाहिजे.

त्या रात्री आम्ही पुन्हा बसलो आणि आत्यांच्या प्रश्नावरून दोन गोष्टी ठरवल्या. एक, आपल्या वस्तीने एकटीने ओढ्यात उतरायचे नाही. दुकानदार, बंगल्यांचे मालक, वरच्या आळीतली माणसे, हॉटेलवाले येतील तेव्हा बरोबरीने उतरायचे. त्यांनी पाठवलेला नोकर चालणार नाही, स्वतः आले पाहिजे. दुसरे, जो रोज कचरा उचलतो त्याचे काम आपल्या हौसेने फुकट करून त्याच्या मजुरीवर गदा आणायची नाही. या दुसऱ्या गोष्टीसाठी आपल्याला लांब जायला नको. पुण्यात १९९३ साली बाबा आढावांच्या पुढाकाराने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. कचरा वेचणाऱ्या बायका, बहुतेक आपल्याच समाजाच्या, संघटित झाल्या, त्यांना ओळखपत्रे मिळाली. पुढे त्यांचीच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था झाली आणि दारोदार कचरा गोळा करण्याचे काम महापालिकेशी करार करून त्या करू लागल्या. काम तेच, पण आता ते हक्काचे, आणि वेगळे काढलेले प्लास्टिक भंगारात विकण्याचा अधिकार त्यांचा. समुद्रात जाणारे किती प्लास्टिक या बायकांनी पुण्यातच अडवले असेल, याचा सत्कार कोणी केल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

तर आमची अट ऐकून काय झाले? पहिल्या रविवारी वस्तीची सतरा माणसे काठावर येऊन उभी राहिली आणि बाहेरून एकच गृहस्थ आले, एक चिक्कीचे दुकानदार. आम्ही ओढ्यात उतरलो नाही. चहा प्यालो, परत गेलो. दुसऱ्या रविवारी ते दुकानदार आणखी दोघांना घेऊन आले. तरुण पोरे म्हणू लागली, "काका, ही अट सोडा, पावसाळा तोंडावर आलाय." मी सोडली नाही, आणि रात्री मला झोप लागली नाही, हेही सांगतो. कारण पहिल्याच मोठ्या सरीला तो सारा ढीग इंद्रायणीत जाणार हे मला दिसत होते. तिसऱ्या रविवारी बाहेरचे नऊ जण आले. एका बंगल्याच्या मालकीणबाई आल्या, मुलांना घेऊन. त्या दिवशी उतरलो. संध्याकाळी मोजली तेव्हा बेचाळीस पोती भरली होती, आणि ओढ्याचा निम्मा भागही झाला नव्हता.

शासनाने प्लास्टिकबंदी केली आहे. २०१८ च्या २३ मार्चची अधिसूचना आहे. आपल्या लोणावळा शहराला २०२१ च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाखालच्या शहरांत देशात दुसरा क्रमांक मिळाला, त्याचा मला अभिमान आहे. पण घंटागाडी जेथे वळते त्याच्या पलीकडे ओढे आहेत, आणि पाऊस शहराची हद्द पाहून पडत नाही.

जाता जाता आपल्या लेण्यांविषयी एक सांगतो. भाज्याला पाण्याच्या टाक्यापाशी ब्राह्मी लिपीत एक लेख आहे. महारठी कोसिकीपुत विण्हुदत याने ही पोढी, म्हणजे हे टाके, दान दिले, एवढाच मजकूर. दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या मावळात माणसे पाण्याचे टाके खोदून देत आणि ते पुण्यकर्म मानीत. आणि पाण्याला नुसता हात लावता यावा म्हणून १९२७ च्या २० मार्चला आपले वाडवडील महाडला चवदार तळ्यावर गेले, आणि मार खाऊन आले. मी आत्यांना हे सांगितले. त्या म्हणाल्या, "ते म्हाईत हाय मला, तू नगं सांगू." आणि तिसऱ्या रविवारी त्या आल्या. ओढ्यात उतरल्या नाहीत. वरच्या दगडावर बसल्या, नातवाकडून वही मागवली आणि कोण आले, कोण नाही, हे त्याच्याकडून लिहून घेऊ लागल्या. वरच्या आळीतले एक सद्गृहस्थ हातमोजे विसरले म्हणून परत निघाले होते. आत्यांनी त्यांना नातवाचे हातमोजे दिले.

या रविवारी ओढ्याचा खालचा टप्पा घ्यायचा आहे. सकाळी सात वाजता पुलाखाली जमायचे. हातमोजे आणि रिकामी पोती आणा. भरलेली पोती भंगारवाल्यापर्यंत न्यायला त्या दुकानदारांनी टेम्पो द्यायचे कबूल केले आहे. चहा माझ्याकडे. वही आत्यांकडे आहे.

जयभीम.