किनाऱ्याची पट्टी



साहित्य संमेलनाच्या अध्यक्षाने वाङ्मयाच्या प्रयोजनाविषयी बोलावे, फार तर भाषेच्या भवितव्याची चिंता वाहावी, आणि करपट्टीचा विषय ग्रामपंचायतीच्या दप्तरातच राहू द्यावा, असा संकेत आहे. तो मी आज बुद्धिपुरस्सर मोडणार आहे. ज्या किनाऱ्याने कोकणातील कथाकारांना आणि कवींना पिढ्यान्‌पिढ्या विषय पुरवले, त्याच किनाऱ्यावर मे महिन्यात बाटल्यांचे आणि फुटक्या काचांचे ढीग साचत असता, आणि ते उचलण्याचा खर्च घरपट्टीवर कसाबसा कारभार चालविणाऱ्या ग्रामपंचायतीच्या माथी पडत असता, आपण लेखकांनी माडांच्या सावल्यांची वर्णने करीत बसावे, हे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. माझे मत आरंभीच सांगून टाकतो. किनाऱ्यावर येणाऱ्या पर्यटकाकडून अधिक कर घेतला पाहिजे. तो त्याच्या मुक्कामावर आणि वाहनावर घेतला पाहिजे. त्याचा प्रत्येक रुपया त्या गावातच राहिला पाहिजे. आणि वाळूवर पाऊल ठेवण्याबद्दल मात्र कोणाकडूनही, कधीही, कवडीदेखील घेता कामा नये.

या मताला विरोध करणाऱ्यांचा पहिला आक्षेप असा, की पर्यटक खोलीच्या भाड्यावर आणि जेवणाच्या बिलावर वस्तू व सेवा कर भरतोच, मग त्याच्या खिशात पुन्हा हात का घालावा? प्रश्न रास्त आहे. परंतु तो विचारणाऱ्याने त्या कराचा प्रवासही पाहावा. 1 जुलै 2017 रोजी जुना चैन कर या नव्या करात विलीन झाला. खोलीवर वसूल होणारी रक्कम केंद्र आणि राज्य यांच्यात निम्मेनिम वाटली जाते, आणि ज्या गावाने त्या पाहुण्याला पाणी पुरविले व ज्याच्या भूमीत त्याचे सांडपाणी मुरले, त्या गावाच्या तिजोरीत त्यातून थेट काहीही पडत नाही. वित्त आयोगाचे अनुदान येते, हे खरे. पण ते लोकसंख्या आणि क्षेत्रफळ पाहून येते, आणि दिवाळीत वा नाताळात त्या गावात वस्तीच्या कितीपट माणसे उतरतात, याची गणना त्या हिशेबात कोठेच होत नाही. कर दिल्लीत आणि मुंबईत जमा होतो. कचरा मालवण तालुक्यातल्या तारकर्लीत, देवबागात आणि वायरीत जमा होतो. 1997 साली सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, तेव्हापासून या विषमतेवर आपण किती लिहिले, हे प्रत्येकाने आपापल्या मनाला विचारावे.

दुसरा आक्षेप भीतीचा आहे: कर लावला की पर्यटक गोव्याकडे वळतील. या भीतीला आधार कोणता? माथेरानला दस्तुरी नाक्यावर प्रवासी कर भरूनच पुढे जावे लागते, आणि सुट्टीच्या दिवसांत तेथील गर्दी मावत नाही. स्पेनच्या बालेआरिक बेटांनी 2002 साली मुक्कामावर पर्यावरण कर बसविला. हॉटेलवाल्यांच्या विरोधापुढे तो दुसऱ्याच वर्षी रद्द झाला, आणि ज्या प्रश्नांसाठी तो बसविला होता ते सुटले नाहीत, म्हणून 2016 साली तोच कर हॉटेलच्या दर्जाप्रमाणे चढता ठेवून पुन्हा आणावा लागला. पुढे त्याचे दर दुप्पट झाले, तरी त्या बेटांचा प्रवासी आटला नाही. आणि ज्या गोव्याचा धाक आपल्याला घातला जातो, तेथल्या कळंगुटच्या ग्रामपंचायतीनेच 2024 साली पर्यटकांवर कर बसविण्याचा ठराव केला. जो माणूस शेकडो मैल मोटार चालवून येतो, खोलीला हजारो रुपये मोजतो आणि पापलेटाच्या थाळीला मागेल ती किंमत देतो, तो रात्रीमागे शेपन्नास रुपयांच्या पट्टीने परत फिरेल, असे म्हणणे हा त्या पाहुण्याचाही अवमान आहे.

गावाला असा अधिकार असू शकतो काय, असे विचारणाऱ्यांना मी 1958 सालच्या ग्रामपंचायत अधिनियमाचे 124 वे कलम दाखवीन. त्यात यात्रेकरूवर कर बसविण्याची मुभा आहे. भाकरी पदरात बांधून देवदर्शनाला पायी निघालेल्या माणसावर कर बसविणे ज्या कायद्याला गैर वाटले नाही, त्याच्या राज्यात जलक्रीडेसाठी आलेल्या धनिकावर कर बसविताना शासनाची लेखणी का अडखळते, हे मला अद्याप उमगलेले नाही.

आता माझ्या बाजूच्या लोकांना दोन कठोर शब्द. कित्येक किनाऱ्यांच्या तोंडाशी आडवा बांबू टाकून वाहने अडविली जातात आणि पैसे घेतले जातात. पावती मागितली तर ती मळकी, अनुक्रमांकावाचूनची असते, आणि वर्षअखेरीस त्या वसुलीचा हिशेब ग्रामसभेसमोर येत नाही. याला मी कर म्हणत नाही. ही लूट आहे, आणि ती गावकऱ्याने केली म्हणून पवित्र ठरत नाही. समुद्रकिनारा हा सार्वजनिक न्यास आहे आणि शासन त्याचे केवळ विश्वस्त आहे, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली कमलनाथ खटल्याच्या निकालात मान्य केले आहे. तेव्हा सावंतवाडीहून एस.टी.ने लेकरांना समुद्र दाखवायला आलेल्या मोलकऱ्याला वाळूवर जाण्यासाठी तिकीट काढायला लावणारा कर मी कधीही मान्य करणार नाही. कान्होजी आंग्र्यांची दस्तके, म्हणजे समुद्रसंचाराचे परवाने, आपण अभिमानाने सांगतो. ती व्यापारी गलबतांसाठी होती. समुद्रावर नफा कमावणाऱ्याने समुद्र राखणाऱ्याला देणे द्यावे, हा त्यामागचा न्याय मला पुरेसा वाटतो, आणि म्हणून मुक्काम, मोटार आणि जलक्रीडेचा धंदा यांवरच माझे बोट आहे.

या पैशाचे काय करावे, हे मी मोघम सोडणार नाही. आपल्या किनारी गावांची वस्ती वाळूच्या अरुंद पट्टीवर आहे. त्या वाळूत चार हातांवर गोडे पाणी लागते, आणि उन्हाळ्यात उपसा वाढला की त्यात खारे पाणी शिरते. त्याच वाळूत, विहिरीपासून हाकेच्या अंतरावर, प्रत्येक नव्या निवासाचा शोषखड्डा असतो. खोल्या वाढतात तसतसा उपसा वाढतो आणि खड्ड्यात पडणारे मैलापाणीही वाढते, आणि दोहोंची गाठ शेवटी शेजारणीच्या कळशीत पडते. याला उपाय सांडपाण्याच्या सामायिक शुद्धीकरणाचा आहे, आणि तो घरपट्टीतून होणारा नव्हे. हे काम लांबणीवर टाकल्याचे फळ फिलिपाइन्समधील बोराकाय बेटाने भोगले. सांडपाणी समुद्रात जाऊ लागल्यामुळे तेथील सरकारने 26 एप्रिल 2018 पासून सहा महिने ते बेटच पर्यटकांना बंद केले, आणि त्या सहा महिन्यांत चूल कोणाची विझली असेल, हे येथे बसलेल्या होडीवाल्यांना सांगायला नको.

या पैशावर रापणकरांचाही हक्क आहे. रापण ओढायला मोकळी वाळू लागते. जाळ्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावरून माणसांच्या रांगांनी ओढून आणावे लागतात. त्या वाळूवर आज छत्र्या आणि खुर्च्या मांडल्या जातात, आणि जाळे टाकण्याच्या पाण्यातून यांत्रिक होड्या सुसाट फिरतात. 1987 साली मालवणच्या समुद्रात अभयारण्य घोषित झाले, तेव्हा नियमांचा भार प्रथम मच्छीमाराने सोसावा अशी अपेक्षा केली गेली. तोच समुद्र करमणुकीसाठी भाड्याने देणाऱ्याकडून त्या मानाने काय मागितले गेले? रापणीच्या वेळा आणि जागा राखून ठेवणे, आणि हंगाम बुडाला तर रापण संघाला भरपाई देणे, हा या करावरचा पहिला बोजा असला पाहिजे. सुशोभीकरणाच्या कमानी आणि स्वागताचे फलक यांना त्यातून एक पैसाही मिळता कामा नये.

उद्याच्या खुल्या अधिवेशनात मी स्वतः ठराव मांडणार आहे: शासनाने किनारी ग्रामपंचायतींना आणि नगरपरिषदांना मुक्काम व वाहन यांवर दर्जाप्रमाणे चढता पर्यटक कर बसविण्याचा स्पष्ट अधिकार द्यावा, शालेय सहली आणि एस.टी.चे उतारू त्यातून वगळावेत, वसुली छापील पावतीने व्हावी, आणि जमाखर्च दर सहा महिन्यांनी ग्रामसभेत वाचला जावा. ज्यांना तो अमान्य असेल त्यांनी मंडपाबाहेर कुजबुजत बसू नये. व्यासपीठावर यावे, आपले म्हणणे मांडावे, आणि मत द्यावे.