एकाच सर्व्हरवरची बिऱ्हाडे

गावच्या वाचनालयाची वेबसाइट महिना शे-दोनशे रुपयांत चालते, याचं आपल्याला कौतुक असतं. ती इतकी स्वस्त का, हे मात्र कुणी विचारत नाही. सर्व्हर एक आणि त्यावर बिऱ्हाडं शेकडो, म्हणून ती स्वस्त. आयपी पत्ताही बहुधा सगळ्यांचा एकच. ब्राउझर साइटचं नाव सांगतो आणि सर्व्हर त्या नावाचं दार उघडतो. बेन एडेलमन या संशोधकाने २००३ मध्ये पाहणी केली, तेव्हा डॉट कॉम, डॉट नेट आणि डॉट ऑर्गमधल्या चालू नावांपैकी ८७ टक्क्यांहून अधिक नावांचा पत्ता सामाईक निघाला. तेव्हा यात कमीपणा मानायचं कारण नाही.

पण शेजारी आपण निवडलेला नसतो. त्याच्या साइटवर अचानक झुंबड उडाली, की आपलं पान उघडता उघडत नाही. त्याची साइट कुणी फोडून तिथून स्पॅम धाडलं, तर पत्ता काळ्या यादीत जातो आणि आपल्या सभेची निमंत्रणंही लोकांच्या स्पॅममध्ये पडतात.

याहून विचित्र प्रकार बंदीचा. जुलै २००६ मध्ये मुंबईच्या लोकलगाड्यांत स्फोट झाले. त्यानंतर काही दिवसांतच सरकारने मोजकी पानं बंद करायला सांगितली. कित्येक इंटरनेट कंपन्यांना तेवढीच पानं वेगळी काढता आली नाहीत, म्हणून त्यांनी ती ज्या ब्लॉगसेवेवर होती, ते अख्खं ब्लॉगस्पॉटच बंद केलं! अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्याने एका कायद्याखाली चारशेहून कमी साइट रोखायला लावल्या, त्यांच्यासोबत दहा लाखांहून अधिक निर्दोष साइट झाकल्या गेल्या. तिथल्या न्यायालयाने २००४ मध्ये तो कायदाच रद्द केला.

आणि कधी घरच जळतं. १० मार्च २०२१ च्या पहाटे फ्रान्समध्ये स्ट्रासबर्ग इथली ओव्हीएच कंपनीची पाच मजली सर्व्हर-इमारत जळून खाक झाली. जीवितहानी झाली नाही, पण इंटरनेटची पाहणी करणाऱ्या नेटक्राफ्ट कंपनीच्या अंदाजाने ३६ लाख साइट बंद पडल्या. कंपनीचे संस्थापक ऑक्ताव्ह क्लाबा यांनी ग्राहकांना ट्विटरवरून कळवलं, की आपापली आपत्कालीन योजना सुरू करा. अनेकांकडे अशी योजनाच नव्हती. एका ग्राहकाने तर बॅकअपचे वेगळे पैसे मोजले होते आणि तो मूळ सर्व्हरपासून अलग ठेवू, असं करारात लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात तो त्याच इमारतीत होता. २०२३ मध्ये फ्रान्समधल्या लीलच्या वाणिज्य न्यायालयाने कंपनीला त्या ग्राहकास एक लाख युरोंहून अधिक भरपाई द्यायला लावली. माझ्या मते या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा निकाल हाच. शेजाऱ्याच्या गर्दीने आपला एखादा तास जातो, बॅकअपची जागा चुकली तर सगळंच जातं.

जाहिरातीतल्या ‘९९.९ टक्के’वर फार विसंबू नका. त्या हिशेबातही वर्षाला पावणेनऊ तास साइट बंद राहू शकते, आणि भरपाई म्हणून बहुधा भाड्यात थोडी सूट मिळते. ‘अमर्याद’ जागेच्या करारातही बारीक अक्षरांत फाइलींच्या संख्येची मर्यादा असते.

वाचनालयाने लगेच स्वतंत्र सर्व्हर घ्यावा, असं मी म्हणणार नाही. तो सांभाळायला माणूस लागतो, आणि दुर्लक्षित स्वतंत्र सर्व्हरपेक्षा नीट राखलेला सामाईक सर्व्हर केव्हाही बरा. पण डोमेनचं नाव संस्थेच्याच नावावर असू द्या. महिन्यातून एकदा फाइली आणि डेटाबेस उतरवून कार्यालयातल्या हार्ड डिस्कवर ठेवा. वर्षातून एकदा त्या प्रतीवरून साइट दुसरीकडे उभी करून बघा. ती उभी राहिली नाही, तर तुमच्याकडे बॅकअप नाही असं धरा.