बारामती-इंदापूर : घराजवळचे सामान्यज्ञान
(इंदापूर येथे प्राथमिक शिक्षकांसमोर केलेले भाषण)



सामान्यज्ञानाच्या परीक्षेत आपली मुले जगातील सर्वांत लांब नदीचे नाव सहज सांगतात. परंतु कऱ्हा नीरेला कोठे मिळते, असे विचारले की वर्ग गप्प होतो. हा संगम बारामती तालुक्यात सोनगावी आहे. पुढे नीरा-नरसिंहपूर येथे नीरा भीमेला मिळते. घराजवळच्या अशा काही गोष्टींकडे आज आपले लक्ष वेधावयाचे आहे.

शिवछत्रपतींचे आजोबा मालोजीराजे यांना इंदापूर येथे वीरमरण आले, हे आपणांस ठाऊक आहेच. १७२९ मध्ये पन्हाळ्यास जन्मलेल्या मोरोपंतांनी बाबूजी नाईकांच्या आश्रयाने बारामतीत कऱ्हाकाठी आर्या रचल्या, हेही क्रमिक पुस्तकामुळे पुष्कळांना माहीत असते. जे सहसा सांगितले जात नाही, ते जमिनीविषयीचे आहे.

आपल्या सातबाऱ्यावर 'आकार' नावाचा रकाना असतो. त्यामागील पद्धतीची सुरुवात याच इंदापूर तालुक्यात झाली. प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने पूर्वी ठरविलेला सारा शेतकऱ्यांना पेलवला नाही. अनेकांनी शेते सोडली. तेव्हा गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५ मध्ये येथे नव्याने पाहणी केली. मातीची खोली व पोत पाहून शेताची प्रत आण्यांत ठरविली आणि १८३६ पासून तीस वर्षांसाठी सारा कायम केला. पुढे हीच रीत मुंबई इलाख्यात पसरली.

मुदत संपल्यावर दर वाढले. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात चढलेला कापसाचा भावही तोवर उतरला होता. शेतकरी सावकाराच्या वहीत अडकत गेला. अखेर १२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, सुपे येथे लोकांनी सावकारांच्या वह्या व कर्जरोखे जाळले. त्यांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर अधिक होता, हे मला महत्त्वाचे वाटते. ज्या कागदाने जमीन जाते, तो कागद त्यांनी नेमका ओळखला होता! हे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी संरक्षण कायदा आला. सुपे आज बारामती तालुक्यात आहे. तेथील किती मुलांना ही तारीख सांगता येईल?

त्यानंतर नीरेचा डावा कालवा आला व या अवर्षणग्रस्त पट्ट्यात ऊस उभा राहिला. १९३४ मध्ये वालचंद हिराचंद यांनी वसविलेले वालचंदनगर हे त्याच उसाचे अपत्य. मात्र कालव्यापासून दूर असलेली जिराईत गावे आजही आभाळाकडेच पाहतात, हे नकाशा शिकविताना वगळू नये.

खेळांचे म्हणाल, तर आषाढीच्या वाटेवर तुकोबारायांच्या पालखीसमोर बेलवाडीस अश्व धावतात आणि काटेवाडीस मेंढ्यांचे रिंगण होते. बाहेरगावचे लोक ते पाहावयास मुद्दाम येतात. आपल्या मुलांना त्याचे अप्रूप नसते, एवढेच.

शेवटी एक विनंती. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणात पळसदेवचे जुने मंदिर बुडाले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की ते दिसू लागते. जुन्या गावठाणात कोणाचे घर कोठे होते, हे सांगणारी वडीलधारी मंडळी अजून आहेत. येत्या उन्हाळ्यात मुलांना वही-पेन्सिल देऊन त्यांच्याकडे पाठवावे आणि त्या गावाचा नकाशा काढून घ्यावा.