शब्द अडतात तेव्हा

(रौप्यमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



सेक्रेटरी मला म्हणाले होते, 'काका, पंचवीस वर्षांच्या आठवणी सांगा.' पाण्याचे टँकर, लिफ्टवरून झालेली भांडणं, पहिला गणपती, हे सगळं बाकीचे सांगतीलच. मी आज वाचाघाताबद्दल बोलणार आहे. डॉक्टर त्याला अफेजिया म्हणतात. चार वर्षांपूर्वी आमच्या हिला पक्षाघाताचा झटका आला, हे तुम्हाला ठाऊक आहे. हात-पाय बऱ्यापैकी सुधारले. बोलणं मात्र अडलं ते अडलंच.

त्या दिवशी सकाळी नाश्ता करता करता ती भलतेच शब्द बोलू लागली. तोंड किंचित वाकडं दिसत होतं. मी म्हटलं पित्त असेल, जरा पड. दुपारी मुलगा आला तेव्हा आम्ही हलवलं. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही ना हे बघून. आमची वेळ टळली होती. म्हणून हात जोडून सांगतो: चेहरा वाकडा, एक हात उचलेना, बोलणं बोबडं किंवा भलतंच, यातलं काहीही एकाएकी दिसलं तर घरात चर्चा करत बसू नका. १०८ ला फोन करा.

आता थोडा इतिहास. पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात लेबोर्न्य नावाचा एक रुग्ण एकवीस वर्षं होता. त्याला एकच शब्द बोलता यायचा, 'तां'. काहीही विचारा, उत्तर 'तां, तां'. सगळे त्याला 'तां' म्हणूनच ओळखायचे. १८६१ साली पॉल ब्रोका या सर्जनने त्याला तपासलं आणि विचारलं, इथे किती वर्षं आहात? त्याने हाताची पाची बोटं चार वेळा उघडून दाखवली आणि मग एक बोट. एकवीस. हिशोब बरोबर! काही दिवसांतच तो वारला. मेंदू पाहिला तेव्हा डाव्या बाजूचा पुढचा भाग खराब झालेला आढळला. १८७४ मध्ये जर्मनीच्या कार्ल वेर्निके यांनी दुसरा प्रकार सांगितला. त्यात माणूस घडाघडा बोलतो, पण बोलण्याला अर्थ नसतो आणि दुसऱ्याचं बोलणंही नीट कळत नाही. आमच्या हिचा प्रकार पहिल्याच्या जवळचा. कळतं जवळजवळ सगळं, शब्द बाहेर येत नाही.

ती बोटांची गोष्ट वाचली आणि मला माझीच एक जुनी गोष्ट आठवली. १९८९ च्या सुमारास मी एका तालुक्याच्या शाखेत अधिकारी होतो. एक निवृत्त शिक्षक मुलाबरोबर पेन्शन घ्यायला आले. उजवा हात लुळा, डाव्या हाताची सही जुळेना. मी मोठ्याने विचारलं, 'गुरुजी, नाव काय तुमचं?' ते म्हणाले, 'मंगळवार.' पुन्हा विचारलं, पुन्हा 'मंगळवार'. मी मुलाला सांगितलं, 'यांचं डोकं ठिकाणावर नाही, असे पैसे देता येणार नाहीत.' गुरुजींनी डाव्या हाताने पासबुक उघडलं आणि स्वतःच्या नावावर बोट ठेवलं. मी ते पाहिलं. आणि पुढचं व्हाउचर हातात घेतलं. अंगठा घेऊन, साक्षीदारांसमोर पैसे देता आले असते. गुरुजी पुन्हा शाखेत आले नाहीत.

ही मला पहिल्या महिन्यात 'चमचा' म्हणायची. चहा हवा तरी 'चमचा', खिडकी लावायची तरी 'चमचा'. 'हो' म्हणायचं असताना 'नाही' निघायचं आणि मग स्वतःवरच चिडायची. पण पत्ते घ्या हातात! बदाम सातमध्ये आजही मला हरवते.

उपचार म्हणजे स्पीच थेरपी. सहा महिन्यांनंतर काही सुधारत नाही, असं आम्हालाही कोणी कोणी सांगितलं. पण २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये जर्मनीतला एक अभ्यास छापून आला. झटक्याला सहा महिने किंवा जास्त काळ उलटलेल्या दीडशेहून अधिक रुग्णांचा. तीन आठवडे, आठवड्याला किमान दहा तास थेरपी दिल्यावर रोजच्या व्यवहारातलं त्यांचं बोलणं सुधारलं. आमच्याकडे आठवड्यातून दोनदा पाऊण तास थेरपी व्हायची. मी बँकवाला, लगेच गुणाकार केला. मग उरलेले तास घरीच भरायला लागलो. वस्तू दाखवायची, पहिलं अक्षर द्यायचं, आणि थांबायचं. थांबणं मला सर्वांत अवघड गेलं.

आणखी एक गंमत. 'पाणी' हा शब्द न सुचणारी ही बाई बेचा पाढा मात्र सरळ म्हणायची, आरतीत सूर धरायची. पाठ असलेलं बोलणं बऱ्याचदा टिकून राहतं. याच धाग्यावरून १९७३ साली बॉस्टनच्या तज्ज्ञांनी एक पद्धत मांडली. छोटं वाक्य चालीवर, डाव्या हाताने ठेका धरत म्हणायचं, मग हळूहळू चाल कमी करायची. सराव केलेली वाक्यं यात सुधारतात, बाकीच्या बोलण्यात तेवढा फरक पडेलच असं नाही. 'मला चहा हवा' हे आम्ही असंच मिळवलं. शेजारच्यांना वाटलं असेल, काका-काकूंना या वयात गाण्याचा नाद लागला!

आता जरा स्पष्ट बोलतो, राग मानू नका. लिफ्टमध्ये ही समोर उभी असताना तुम्ही मला विचारता, 'काकू कशा आहेत?' तिलाच विचारा. ओरडू नका, ऐकू तिला उत्तम येतं. हो-नाहीत उत्तर देता येईल असं विचारा. तिचा शब्द तिच्या तोंडातून काढून घेऊ नका. आणि भिशीच्या बायकांनो, तुम्ही तिला बोलवायचं बंद केलंत, तिला त्रास नको म्हणून असेल. पण दर महिन्याची तारीख तिला माहीत असते. त्या दुपारी ती साडी बदलून बसते.

आज ती तिसऱ्या रांगेत, खांबाजवळ बसली आहे. गेले आठ दिवस आम्ही एका वाक्याची तयारी करतोय. चहाच्या वेळी तिच्याजवळ जा. थोडा वेळ लागेल, मधे बोलू नका.