देवालयाचे आवार आणि भुईसरपट वनस्पती



देवळाच्या जीर्णोद्धाराची तजवीज करताना कळस, गाभारा आणि सभामंडप यांचा विचार पंचमंडळी अगत्याने करतात. परंतु ज्या उघड्या भूमीवर ते देवालय उभे आहे, ती ग्रीष्मात धुळीने व वर्षाकाळी चिखलाच्या शिंतोड्यांनी जोत्यावरील कोरीव थर मळवीत असते, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. अशा भूमीला बुटक्या, पसरणाऱ्या वनस्पतींचे आच्छादन देणे हे केवळ शोभेचे काम नसून पाषाणाच्या रक्षणाचेही आहे. मात्र ते विवेकाने झाले पाहिजे.

एका प्राचीन मंदिरात मी पाहिले, की हिरवळ थेट जोत्याला भिडविलेली होती आणि तिच्यासाठी रोज नळी सोडलेली असे. तो ओलावा दगडात चढून त्यावर पांढरा क्षार फुलला होता आणि नक्षीचे पापुद्रे बोट लावताच गळून पडत होते. म्हणून जोत्यालगत तीन फुटांचा पट्टा मोकळा ठेवून त्यात खडी पसरावी, जमिनीला दर फुटास पाव इंच याप्रमाणे बाहेरच्या बाजूस उतार द्यावा, आणि हरळीची मुळे फरशीच्या सांध्यांत शिरू नयेत म्हणून कडेने दगडी पट्टी बसवावी. देवालय संरक्षित स्मारक असेल, तर पुरातत्त्व खात्याची परवानगी घेतल्यावाचून कुदळ लावू नये.

आता निवडीविषयी. भरपूर ऊन असेल तेथे हरळी, म्हणजेच आपली दूर्वा, उत्तम. नऊ इंच खोल खणून लव्हाळ्याच्या गाठी वेचून काढाव्यात, कुजलेले शेणखत मिसळावे आणि मृगाचा पाऊस स्थिरावल्यावर चार-चार इंचांवर कांड्या लावाव्यात. मुरमाड, कोरड्या जागी विष्णुक्रांता लावावी. सदऱ्याच्या गुंडीएवढी तिची निळी फुले सकाळी उमलून दुपारी मिटतात. वडा-पिंपळाच्या सावलीत हरळी विरळ होते. तेथे ओल टिकत असेल तर गोल पानांचा कारिवणा पसरू द्यावा. भक्तजन अनवाणी चालतात, म्हणून काटेरी लाजाळूस मज्जाव असावा. आणि सरपटणारा जीव दृष्टीस पडावा म्हणून वाढ घोट्याच्या खालीच राखावी.

गणपतीला वाहावयाच्या दूर्वांसाठी वेगळा वाफा राखून ठेवावा. ज्यावर पाय पडतो, ज्यावर औषध फवारले जाते, ते तृण देवाच्या मस्तकी चढविणे आपल्या मनाला रुचणार नाही. आणि चतुर्थीच्या पहाटे त्या स्वच्छ वाफ्यातून एकवीस कोवळे, तीन पात्यांचे अंकुर खुडून आणणाऱ्या हातांना आवाराच्या निगेचे महत्त्व निराळे समजावून सांगावे लागत नाही.

तेव्हा मृग लागण्यापूर्वी पंचांनी रोपांच्या खरेदीस निघण्याअगोदर एक दोरी घ्यावी आणि जोत्यापासून तीन फुटांवर रेघ आखावी. रेघेच्या आत पाषाणाचा अधिकार, बाहेर हिरवळीचा; एवढी मर्यादा पाळली, तर दोघेही दीर्घकाळ नांदतील.