पहिल्या उड्डाणाआधीची दोन मिनिटं

आजचा विषय, रिमोटवर उडणारं आरसी विमान.

माझं पहिलं विमान चार सेकंदांत आपटलं. एलेरॉन उलटे जोडले होते. उजवीकडे वळवलं, तर ते डावीकडे कललं. दोन मिनिटं तपासणी केली असती तर वाचलं असतं.

म्हणून जुळवणीत प्रोपेलर सगळ्यात शेवटी बसवा. आधी रिमोट चालू, मग विमानाची बॅटरी जोडा. बंद करताना उलट क्रम. आता विमानाच्या मागे उभे राहा. स्टिक उजवीकडे नेली की उजवा एलेरॉन वर गेला पाहिजे. स्टिक स्वतःकडे ओढली की एलेव्हेटर वर. मग पंखांखालच्या खुणांवर बोटं टेकवून तोल बघा. शेपूट खाली जातेय? बॅटरी पुढे सरकवा. शेपूटजड विमान नवख्याला सावरत नाही.

मैदान मोकळं हवं, वारा कमी. विमान वाऱ्याच्या समोर सोडा, लोकांच्या डोक्यावरून कधीच नेऊ नका. ते तुमच्याकडे येताना डावं-उजवं उलटं वाटतं. तेव्हा जो पंख खाली दिसेल, त्याच बाजूला स्टिक ढकला.

आणि पडलंच, तर आधी थ्रॉटल शून्यावर, मगच उचलायला जा. प्रोपेलर बोट कापतो. भेटू पुढच्या भागात!