अस्वलाला आपली चाहूल द्या

बुलढाणा-खामगाव रस्त्यानं बोथ्याकडून जाताना ज्ञानगंगा अभयारण्य लागतं. त्याच्या कडेच्या शेतात, रानात जाणाऱ्या बाईनं बिबट्याइतकंच अस्वलालाही जपलं पाहिजे.

अस्वल माणसाच्या मागावर नसतं. वाळवी, मध, बोरं, टेंभरं, मोहफुलं हे त्याचं खाणं. नाक तीक्ष्ण, पण नजर आणि कान मंद. वारूळ उकरण्यात ते गुंग असतं. आपण अचानक जवळ गेलो, की बिचकून अंगावर येतं. पाठीवर पिल्लं असली, तर मादी जास्तच बिथरते.

म्हणून एकटीनं जाऊ नका. तिघीचौघी मिळून, मोठ्यानं बोलत जा. पहाटे आणि अंधार पडताना नाल्याकाठची झुडपं टाळा. अस्वल दिसलं तर दगड मारू नका, पळू नका. त्याच्यावर नजर ठेवून हळूहळू मागं सरका. अंगावर आलंच, तर पालथं पडून दोन्ही हातांनी मान झाका.

कुणी जखमी झालं तर आधी दवाखाना गाठा आणि लगेच वन विभागाला १९२६ वर कळवा. भरपाईसाठी पंचनामा लागतो. गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं ठरवाच: रानात कोण कुणाच्या सोबतीनं जाणार.